सामानाजवळ कोण बसणार

प्रत्येक सहलीत एक प्रश्न येतोच. गाडी थांबते, सगळे उतरतात, हातपाय मोकळे करतात, आणि मग कोणीतरी विचारतं, "सामानाजवळ कोण बसणार?" इतरांच्या घरी यावरून थोडी कुरबुर होत असेल, पाळ्या लागत असतील. आमच्याकडे कधी लागल्या नाहीत. मी असले की हा प्रश्न विचारून संपायच्या आत सुटलेला असतो.

माझा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा आखूड आहे आणि गुडघ्यात पूर्ण सरळ होत नाही. लहानपणी ऑपरेशनं झाली, त्यांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं. मी काठी घेऊन चालते. दुखतं का, असं लोक विचारतात. कधी दुखतं, कधी नाही, तुमचं डोकं दुखतं तसंच. एवढं सांगून मी हा विषय संपवते, कारण मला पायाबद्दल लिहायचं नाही. मी सामान सोडून उठले त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

तेव्हा मी जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्राच्या वर्गाची एका दिवसाची सहल निघाली. फळ्यावर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मित्रवत वन्यप्राणी एवं प्राचीन मंदिर'. वाचून वाटावं की आम्ही कुठे जंगलात वाघाशी हात मिळवायला चाललोय. मित्रवत वन्यप्राणी म्हणजे भेडाघाटची वानरं, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, यात्रेकरूंच्या हातून फुटाणे खाणारी. प्राचीन मंदिर म्हणजे तिथल्याच टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं, आणि परतताना तेवरची त्रिपुरसुंदरी.

जबलपूरमध्ये वाढलेल्या माणसाला भेडाघाट टळत नाही. नागपूरहून मावशी आली, भेडाघाट. पुण्याहून बाबांचे मित्र आले, भेडाघाट. धुआंधार धबधब्याचे तुषार मी अंगावर घेतलेत, संगमरवरी कड्यांमधून नावेतून फिरलेय, नाववाल्यांचे तेच ते विनोद ऐकून मला पाठ झालेत. पण योगिनींच्या मंदिराला मी गेले ती पायथ्यापर्यंत. वर काय आहे ते मी लोकांच्या फोनमध्ये बघितलेलं, तेही त्यांच्या दात काढलेल्या चेहऱ्यांच्या मागे, अर्धवट. माझ्याच गावचं मंदिर, आणि मला ते परदेशातल्या मंदिरासारखं फोटोत बघावं लागत होतं. याचा मला राग होता. त्या सहलीच्या आदल्या दिवशी मी माझ्या मैत्रिणीला सांगून टाकलं की या वेळी मी वर जाणार.

ही मैत्रीण कॉलेजात माझ्या बाकावर बसायची आणि मदन महालहून मला तिच्या स्कूटरवर घेऊन यायची. हिंदी घरची, पण आमच्या घरी जेवून जेवून मराठी कळायला लागली होती. ती म्हणाली, "चल ना. मैं तेरा बैग उठा लूंगी." माझी बॅग ती नेहमीच उचलायची. मी नको म्हटलं तरी उचलायची.

थंडी संपत आलेली होती. सकाळी पोहे-जलेबी खाऊन आम्ही निघालो ते ऊन चढायच्या आत भेडाघाटला. मंदिराच्या पायथ्याशी एक मोठा पिंपळ आहे, त्याच्याभोवती संगमरवराच्या पिंडी आणि छोटे हत्ती विकणारी दुकानं. वानरं पिंपळाखालीच होती. एक बाई टोपलीत फुटाणे घेऊन बसली होती. आमच्या वर्गाने तिची अर्धी टोपली रिकामी केली आणि मग जो तो ओंजळ पुढे करून उभा राहिला. मॅडमनी आधीच बजावलं होतं की ओरडायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, आणि कोण आधी येतं, कोण मागे राहतं, पिल्लू कोणाकडे जातं, ते लक्षात ठेवायचं.

मैत्रिणीसमोर एक मादी आली, पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिने एका हाताने मैत्रिणीचं मनगट धरलं, अगदी आपण बांगडीवाल्याकडे लहान मुलीचा हात धरतो तसं, आणि दुसऱ्या हाताने एकेक फुटाणा उचलून खाऊ लागली. मैत्रीण श्वास रोखून उभी. मीही माझी ओंजळ पुढे केली आणि दोन पावलं टाकली.

आणि काय झालं? मादी उडाली ती थेट पिंपळावर. तिच्याबरोबर आणखी चार-पाच उडाली. माझ्याभोवती पाच हातांवर एक गोल रिकामी जागा झाली आणि त्या गोलाच्या बाहेरून सगळी काळी तोंडं माझ्याकडे बघायला लागली. मी डावीकडे सरकले, गोल डावीकडे सरकला.

"लाठी रख दो बिटिया," फुटाणेवाली म्हणाली. "ये लाठी पहचानते हैं. दुकान वाले मारते हैं न."

वर्गातली मुलं हसली. मैत्रिणीने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, कारण तिला वाटलं मला वाईट वाटलं असेल. वाईट? मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. जन्मभर माझ्या काठीकडे बघून लोकांचा चेहरा मऊ पडतो. रिक्षावाला "आराम से, आराम से" म्हणतो, बँकेत लोक रांगेतून पुढे ढकलतात, लग्नात अनोळखी बायका माझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवतात. आणि इथे पहिल्यांदा कोणाला तरी काठी बघून वाटलं होतं की ही बाई मारेल! त्या वानरांच्या हिशोबात मी बिचारी नव्हते. मी डेंजर होते. मी काठी जरा जोरात आपटली. आणखी दोन उडाली.

मग मात्र मलाही तो हात हवासा वाटला. मी पिंपळाच्या पाराला टेकले, काठी पारामागे ठेवली आणि ओंजळ पुढे केली. वेळ लागला. वर्गातले इतर कंटाळून नदीकडे गेले. शेवटी एक म्हातारं वानर आलं, भुवया पांढऱ्या, एक कान फाटलेला. त्याने माझं बोट धरलं. तळवा थंड होता आणि खरखरीत, नखं काळी. त्याने शांतपणे खाल्लं, उरलेलं टरफल माझ्याच हातात ठेवलं आणि निघून गेलं. मी खूश झाले, पण गंमत म्हणजे मला आधीचंच जास्त आवडलं होतं.

तेवढ्यात मॅडम परत आल्या. बस पंक्चर काढायला गेली होती, त्यामुळे सगळ्यांच्या बॅगा, डबे, प्रॅक्टिकलच्या फायली पारावर होत्या. पायऱ्यांवर वानरं पिशव्या ओढतात म्हणून सामान वर न्यायचं नव्हतं. मॅडमनी एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुम यहां बैठो बेटा," त्या म्हणाल्या. "तुम्हारे पास लाठी है, बंदर पास नहीं आएंगे. तुमसे अच्छा कौन संभालेगा?"

बघा, यात वाईट काही नव्हतं. उलट कौतुकच होतं. माझ्या अंगातला एक नवा गुण आत्ताच सापडला होता आणि पाच मिनिटांत त्याला कामालाही लावलं होतं. मी म्हटलं, "मैडम, मुझे ऊपर आना है."

"मम्मी का फोन आया था सुबह. उन्होंने मना किया है पायऱ्या चढने को," मॅडम म्हणाल्या. पायऱ्या हा शब्द त्यांनी आईकडून जसाच्या तसा उचलला होता. "फोटो दिखा देंगे ना सब तुमको."

डोक्यात तिडीक गेली. आईवर जास्त, मॅडमवर कमी. वीस वर्षांच्या मुलीच्या मागे कॉलेजात फोन! मैत्रीण म्हणाली की तीही थांबते, पण मी तिला जवळजवळ ढकललं. मला सोबतीला कोणी बसलेलं नको होतं. सगळे वर गेले. मी ढिगाशेजारी बसले, काठी मांडीवर आडवी. वानरं पाच हातांवर बसली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

मी तिथे बसूनही राहिले असते, हे खरं आहे. मी भांडखोर आहे, पण सवय भांडणापेक्षा मोठी असते. मला उठवलं ते दुसऱ्याच लोकांनी. एक कुटुंब आलं, बाहेरगावचं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, आणि त्यातल्या काकूंनी त्यांची मोठी पर्स, दोन पिशव्या आणि थर्मास माझ्या पायाशी आणून ठेवला. विचारलं नाही. मुलांनी चपला काढून रांगेत लावल्या. काका निघता निघता म्हणाले, "आप तो बैठी ही हैं ना."

आप तो बैठी ही हैं ना! म्हणजे माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं की ही इथली आहे, ही सामानाचीच आहे, पिंपळ आहे, पार आहे, तशी ही आहे. मी काठी टेकली आणि उभी राहिले.

काकू चार पायऱ्या चढल्या होत्या. वळून म्हणाल्या, "अरे, आप कहां? सामान?"

"मैं भी मंदिर देखने आई हूं," मी म्हटलं आणि पहिली पायरी चढले. काकू धावत खाली आल्या आणि आपल्या पिशव्या उचलायला लागल्या. मी थांबले नाही.

पायऱ्या किती आहेत मला माहीत नाही. लोक फार हौसेने आकडा सांगतात. मी मुद्दाम मोजल्या नाहीत. मोजलं की परीक्षा होते, आणि मला परीक्षा द्यायची नव्हती, वर जायचं होतं. चांगला पाय आधी, मग काठी, मग वाईट पाय. दमले की बसायचं. एका ठिकाणी पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, तिथे मी सरळ बसून, मागे हात टेकून, उलटी सरकत चढले. ओढणी मळली, कोपर खरचटलं. लोक बाजूने जाताना "शाबाश बेटा" म्हणत होते. मी प्रत्येकाला "क्यों?" असं विचारत होते. एका मुलाने फोन माझ्यावर रोखलेला दिसला. मी तो व्हिडिओ माझ्यासमोर पुसायला लावला. तो म्हणाला, "दीदी, अच्छे के लिए ही डाल रहा था." मी म्हटलं, "तू चढताना कोणी तुझा काढला का?" रागाच्या भरात मराठीत म्हटलं, पण त्याने पुसला.

एक गोष्ट मात्र झकास होती. कठड्यावर जागोजाग वानरं बसली होती, लोकांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून. मी काठी टेकत आले की ती एकेक करून उठत आणि बाजूला होत. लोकांनी हुसकावूनही जात नव्हती ती. मंत्र्याची गाडी आल्यावर चौकात होतं तसं माझ्यापुढे मोकळं होत गेलं. मी वर पोहोचले तेव्हा माझा श्वास भात्यासारखा चालला होता आणि आमचा वर्ग दारातून बाहेर पडत होता.

मॅडमनी मला बघितलं. त्यांचा हात गळ्याशी गेला. आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "सामान?"

"नीचे है," मी म्हटलं आणि त्यांच्या बाजूने आत गेले. मैत्रीण माझ्यामागून परत आत आली.

आत मोठं गोल अंगण आहे, आकाश उघडं, आणि कडेने सगळीकडे खणाखणांत योगिनी बसलेल्या. मधे शंकर-पार्वती नंदीवर. फोटोत हे कधी कळलंच नव्हतं, की उभं राहिलं की त्या सगळीकडून आपल्याकडे बघतात. बहुतेकींचे हात तुटलेले, नाकं उडालेली, कोणाला डोकंच नाही. एक गाइड मोकळाच होता. त्याने माझी काठी बघितली, एका मूर्तीकडे हात केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "देखिए बेटा, खंडित हैं, फिर भी देवी हैं."

मला माहीत होतं हे वाक्य येणार. पहिली पायरी चढल्यापासून मी त्याची वाट बघत होते. मी म्हटलं, "भैया, इनको किसी ने तोड़ा है. मुझे किसी ने नहीं तोड़ा. मैं ऐसी ही आई हूं." तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मला त्या आवडल्या त्या तुटलेल्या म्हणून नाही. मला त्या आवडल्या कारण त्यांच्यातल्या कित्येक जणी भडकलेल्या आहेत. कोणाचं तोंड प्राण्याचं, कोणाचे दात बाहेर, कोणी मांडी ठोकून बसलेली. देवळात इतक्या रागीट बायका एकत्र मी कधी बघितल्या नव्हत्या. मी प्रत्येक खणासमोर थांबले. मॅडम दारातून हाका मारत होत्या. मी पूर्ण गोल फिरले आणि मगच बाहेर आले.

खाली काय झालं असणार ते तुम्हाला कळलंच असेल. डबे उघडे, पराठे गायब, केळ्यांची सालं पाराभर. माझ्या डब्यातल्या तिखट पुऱ्यांपैकी एकीचा लचका तोडून ती थुंकून टाकली होती, बाकीच्या तशाच. आईच्या हाताचा अपमान वानरांनीही केला. पण मैत्रिणीची प्रॅक्टिकलची फाइल फाटली होती. महिनाभर बसून काढलेल्या आकृत्या, पानं पिंपळाखाली पसरलेली. ती एकेक पान गोळा करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. त्याचं मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी खाली बसून तिच्याबरोबर पानं गोळा केली.

"सबको सॉरी बोलो," मॅडम म्हणाल्या. वर्ग गोल करून उभा होता, भुकेला.

"इसकी फाइल के लिए सॉरी," मी मैत्रिणीला म्हटलं. "मैं दोबारा बना दूंगी." मग उभी राहिले. "बाकी के लिए नहीं. मैडम, मैं भी फीस भरके आई हूं. मैं चौकीदार नहीं हूं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मुलगा पुटपुटला की बोलना तो आसान है, पेट खाली हमारा है. मॅडमचा चेहरा लाल झाला आणि त्या बसकडे चालू लागल्या. तेवरपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझे दोन्ही पाय थरथरत होते, चांगलाही.

तेवरला बस थांबली. सगळे उठले, आणि सवयीने सगळ्यांची नजर माझ्याकडे आली. मॅडमनी तोंड उघडलं, परत मिटलं. मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. मागे जरा वेळ खुडबूड झाली, आणि मग जो तो आपापली बॅग खांद्याला लावून उतरला. मैत्रीण माझ्या सीटजवळून आली. माझी बॅग तिथेच पडलेली होती. तिने ती उचलली नाही. "अपना बैग खुद उठा," ती म्हणाली, अजून रागातच. मी परत गेले आणि उचलली. इतक्या दिवसांत तिने माझ्याशी पहिल्यांदाच असं वागून दाखवलं होतं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मॅडमचा फोन माझ्याआधी पोहोचला होता. आई ओट्यापाशी उभी होती.

"काहून असं करून राहिली तू?" ती म्हणाली. "पडली असती म्हणजे? लोकांचं सामान टाकून गेली म्हणे. मॅडमला मी काय तोंड दाखवू?"

"तू फोन काहून केला?" मी म्हटलं. "मी लहान आहे का?"

आम्ही भांडलो. चांगलं कडकडून भांडलो. बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसले. मी आईला सांगितलं की यापुढे मी कुठेही खाली बसणार नाही, कोणाच्याच सामानाजवळ, आणि तिने कोणाला फोन केला तर मी घरी सांगून जाणारच नाही. ती म्हणाली, "अच्छा, जा मग, कर काय करायचं ते." आणि तेलाची वाटी घेऊन आली, कारण माझा गुडघा सुजला होता. मी पाय पुढे केला नाही. तिने ओढून घेतला.

तेल चोळता चोळता खाली बघूनच तिने विचारलं, "वर काय आहे गं?"

मला आधी वाटलं ती विषय बदलून राहिली आहे. मग मला कळलं की ती खरंच विचारते आहे. पाहुणे यायचे, बाबा त्यांना घेऊन वर जायचे, आत्याची पोरं धावत वर जायची. आणि पायथ्याला माझ्याजवळ जी बसायची, मला भूक लागली तर डबा उघडायची, वानर आलं तर पदराने हाकलायची, ती आई. तिला लग्न होऊन या गावात येऊन माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. तिला कोणी फोटोसुद्धा दाखवले नव्हते. तिने मागितलेच नव्हते.

मी सांगायला लागले की मोठं गोल अंगण आहे. आणि थांबले.

"सांग ना," आई म्हणाली.

"नाही सांगत."

"काहून?"

"तू बघशील. रविवारी जाऊ आपण दोघी."

"माझे गुडघे कुठे चढून राहिले आता इतकं," ती म्हणाली, पण चोळणारा हात थांबला होता.

"बसत बसत जाऊ. मीही बसतच गेले."

आईने वाटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. मग म्हणाली, "सकाळीच निघू मग. कोणाला सोबत घ्यायचं नाही."